सारमेयाचें स्थळ

गेल्या महिन्यांत या सदरांत घरांतील वृद्ध मंडळींच्या झोपेविषयीं चार शब्द लिहिले होते. ते वाचून एका भगिनींनीं पत्र धाडलें आहे. त्यांच्या घरीं दोन वर्षांचें एक कुत्रें आहे. तें इतकें चपळ आणि दांडगें आहे कीं, सासूबाईंचा दुपारीं डोळा लागेनासा झाला आहे. तें कोणास तरी देऊन टाकावें असें वडीलधाऱ्यांचें मत पडलें, आणि त्या रात्रीं घरांतील मुलें जेवलीं नाहींत. ‘असें देणें पाप आहे काय? आणि नसेल तर तें कोणत्या रीतीनें द्यावें?’ असे त्यांचे दोन प्रश्न आहेत. चार ओळींचें खासगी उत्तर धाडून मला मोकळें होतां आलें असतें. परंतु या प्रकरणीं मी स्वतः एकदां चुकलों आहें, आणि ती चूक सांगितल्यावांचून माझ्या उत्तरास कांहीं किंमत नाहीं. म्हणून तें सर्वांसमक्ष देत आहें.

आमचें घर सांगलीचें. कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर आमचा जुना वाडा होता. पुढें सोपा, मधें चौक, मागें परसदार आणि परसदारीं विहीर, असा तो सारा जुना थाट. २०२१ सालच्या हिंवाळ्यांत माझा पुतण्या जत तालुक्यांतील एका धनगरवस्तीवरून दीड महिन्याचें पिल्लू घेऊन आला. आपल्याकडे या जातीला कारवानी म्हणतात; कर्नाटकांत मुधोळ गांवाच्या नांवानें ती ओळखली जाते. २००५ सालीं टपाल खात्यानें चार देशी कुत्र्यांचीं तिकिटें काढलीं, त्यांत एक या मुधोळाचें होतें. निमुळतें लांब तोंड, खोल छाती, आंत ओढलेलें पोट आणि हरणासारखे पाय, असें याचें रूप. हीं कुत्रीं वासापेक्षां नजरेनें शिकार करतात. लांबवर कांहीं हललें कीं त्यामागें सुटावयाचें, हें त्यांच्या रक्तांत आहे; आणि तें माणसानेंच पिढ्यान्‌पिढ्या निवडून जोपासलेलें आहे.

नांव ठेवण्याचा मान मजकडे आला. सरमा ही वेदांतील देवशुनी. पणींनीं लपविलेल्या गाईंचा शोध घेण्यास इंद्रानें तिला धाडिलें होतें. तिचें लेंकरूं तें सारमेय. मुलांनीं आठ दिवसांत त्याचा ‘सारम्या’ केला, आणि हांक मारतांना जें सोपें तेंच टिकतें या न्यायानें तें नांव टिकलें. शाळेंत संस्कृत शिकवितांना मी मुलांना सांगत असें कीं, पाणिनीनें एकाच सूत्रांत श्वन्, युवन् आणि मघवन्, म्हणजे कुत्रा, तरुण आणि इंद्र, अशी तिघांची मोट बांधली आहे. वर्गांत यावर नेहमीं हंशा होई. सारम्या वर्षाचा झाला तेव्हां मला वाटूं लागलें कीं, निदान पहिल्या दोघांना एकत्र बांधण्यांत व्याकरणाखेरीज आणखीहि कांहीं अर्थ असावा. पहाटे उठून तो विहिरीभोंवतीं दहा-वीस फेरे घाली. मग चौकांतून सोप्यावर, आणि सोप्यावरून पुन्हां परसदारीं. वाडा ऐसपैस होता, म्हणून त्याचें हें तारुण्य आम्हांस कौतुकाचें वाटलें.

२०१९ च्या ऑगस्टांत आलेल्या महापुरानें वाड्याच्या भिंतींचा दम आधींच काढला होता. २०२३ च्या उन्हाळ्यांत तो उतरवावा लागला, आणि आम्ही नऊ माणसें एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर समोरासमोरच्या दोन भाड्याच्या बिऱ्हाडांत आलों. नऊ माणसें मावलीं. सारम्या मावला नाहीं. पुतण्याची बदली पुण्यास झाली होती, तेव्हां दोरी माझ्या हातीं आली. मी ६६ वर्षांचा आणि तो दीड वर्षाचा. कोण कोणास फिरवीत आहे, हें पाहणाऱ्यास सहज कळे. सकाळीं एक तास व संध्याकाळीं एक तास आम्ही घाटावरून आयर्विन पुलापर्यंत जात असूं. पण जी जात अंग झोकून धांवण्यासाठीं जन्मली, तिला म्हाताऱ्याच्या चालीनें दोन तास चालविणें म्हणजे भुकेल्याच्या पानांत नुसतें मीठ वाढणें होय. उरलेल्या वेळांत तो चपला फाडी, दारें ओरबाडी, आणि गॅलरींतून रस्त्यावरच्या प्रत्येक सायकलीवर भुंके.

जनावरांच्या डॉक्टरांस दाखविलें. त्यांनीं तपासून सांगितलें, ‘याला रोग नाहीं, याला काम नाहीं.’ त्यांच्या सल्ल्यावरून आम्ही भाकरीचे तुकडे जुन्या धोतराच्या घड्यांत लपवून त्याला ते हुंगून काढावयास लावूं लागलों. बसणें, थांबणें, बोलाविल्यावर येणें, हे धडे दिवसांतून तीन-चार वेळां पांच पांच मिनिटें देऊं लागलों. नाकाला आणि डोक्याला काम मिळालें कीं पायहि कांहीं वेळ निवतात, हा अनुभव खरा. ज्यांचें कुत्रें केवळ कंटाळ्यामुळें दांडगाई करीत असेल, त्यांनीं देण्याचा विचार करण्यापूर्वीं महिना दोन महिने हें निष्ठेनें करून पाहावें. कदाचित् तेवढ्यानेंच भागेल. आमचें भागलें नाहीं.

श्रावणांत एके दिवशीं वहिनी जिना उतरत होत्या. खालीं मांजर दिसलें, सारम्या सुटला आणि त्याची दोरी त्यांच्या पायांत गुंतली. मनगटाचें हाड मोडलें. वहिनींचें वय ७८. प्लॅस्टर घालून त्या घरीं आल्यावर जो तो कुत्र्यावर तोंड टाकूं लागला, तेव्हां त्याच म्हणाल्या, ‘भाऊजी, त्याला कोणी मारूं नका. पाय त्याला देवानें दिले आहेत. जागा मात्र आपण दिली आहे.’ त्या रात्रीं ठरलें कीं सारम्यासाठीं दुसरें घर पाहावयाचें.

माझा नातू त्या वेळीं ११ वर्षांचा होता. त्यानें रडारड केली नाहीं, भांडणहि केलें नाहीं. तो एवढेंच म्हणाला, ‘आजोबा, धर्मराजानें कुत्र्यासाठीं स्वर्ग नाकारला, असें तुम्हींच सांगितलें होतें ना?’ महाप्रस्थानिक पर्वांतील ती कथा मीं वर्गांत किती वेळां रंगवून सांगितली असेल याची गणती नाहीं. परंतु ती कोणी मलाच उलट विचारील हें ध्यानींमनीं नव्हतें. मीं त्यास म्हटलें, ‘बाळ, टाकून देणें वेगळें आणि चांगल्या घरीं देणें वेगळें.’ हें उत्तर बरोबर होतें. आजहि मी तेंच देईन. पण पुढच्या आठवड्यांत मीं जें केलें तें या उत्तरास शोभणारें नव्हतें.

माझा एक जुना विद्यार्थी मिरजेकडे शेती करतो. त्याच्या शेतावर मोकळी जागा आहे हें ठाऊक असल्यानें मीं त्यास बोलावून घेतलें. सारम्यास पाहून तो हरखून गेला. त्यानें विचारलें, ‘गुरुजी, माणसाला चावत नाहीं ना?’ मीं म्हटलें, ‘कधींच नाहीं.’ हें अक्षरशः खरें होतें. परंतु त्याच्या शेतावर कोंबड्या आहेत हेंहि मला ठाऊक होतें, आणि वाड्याच्या परसदारीं शेजारची कोंबडी शिरली असतां सारम्यानें तिचें काय केलें होतें, हेंहि मला ठाऊक होतें. त्यानें विचारलें नाहीं. मीं सांगितलें नाहीं. मोकळ्या हवेंत गेला म्हणजे सुधारेल, अशी मीं आपल्या मनाची समजूत घातली. कुत्र्यासाठीं स्वर्ग नाकारणारा धर्मराज नातवाला आठवला; पण ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणणारा तोच धर्मराज मला त्या दिवशीं आठवला नाहीं. जमिनीपासून चार बोटें वर चालणारा त्याचा रथ ज्या अर्ध्या सत्यानें खालीं आला, तसलेंच सत्य मीं आपल्या विद्यार्थ्याच्या पदरीं बांधलें.

तीन आठवडे कांहीं निरोप आला नाहीं. सारें ठीक असावें असें समजून एका रविवारीं मी नातवास घेऊन शेतावर गेलों. गोठ्यामागें कडुलिंबाच्या बुंध्याला सारम्या बांधलेला होता. साखळी हात-दीड हात लांब. गळ्याभोंवतींचे केस गेलेले, कातडी सोललेली. आम्हांस पाहून त्यानें झेंप घेतली आणि साखळीच्या हिसक्यानें तो मागें पडला. आल्याच्या दुसऱ्याच दिवशीं त्यानें सहा कोंबड्या मारल्या होत्या. मीं विचारलें, ‘अरे, मला कळविलें कां नाहींस?’ तो मान खालीं घालून म्हणाला, ‘गुरुजी, तुम्हीं दिलेलें जनावर परत कसें करावें? तुम्हांला वाईट वाटलें असतें.’ कोंबड्यांचे पैसे त्यानें घेतले नाहींत. ज्या मुलाला खोटें बोलल्याबद्दल मीं एके काळीं बाकावर उभें केलें होतें, तो माझा शब्द राखण्यासाठीं तीन आठवडे मुकाट्यानें नुकसान सोशीत होता, आणि माझ्या मौनाचा सारा भार त्या मुक्या प्राण्याच्या गळ्यावर पडला होता.

परत येतांना नातवानें विचारलें, ‘आजोबा, कोंबड्यांचें तुम्हीं काकांना सांगितलें नव्हतें का?’ मीं म्हटलें, ‘नाहीं.’ त्या सबंध प्रकरणांत मीं सरळ दिलेलें तेवढेंच एक उत्तर.

प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० सालचा कायदा मीं त्यानंतर वाचून पाहिला. त्याच्या अकराव्या कलमांत, अवाजवी आखूड किंवा जड साखळीनें जनावर अवाजवी वेळ बांधून ठेवणें हा गुन्हा सांगितला आहे. इतकेंच नव्हे, तर नेहमीं बांधून ठेवलेल्या कुत्र्याला योग्य तो व्यायाम न देणें हाहि स्वतंत्र गुन्हा म्हणून मांडला आहे. कुत्र्याला अन्नपाण्याप्रमाणें धांवणेंहि लागतें, ही गोष्ट कायदा करणाऱ्यांस ठाऊक होती आणि मला शिकावी लागली. सबळ कारण नसतां, भुकेनें-तहानेनें हाल होतील अशा स्थितींत जनावर सोडून देणें हाहि त्याच कलमाखालीं गुन्हाच आहे. कित्येक लोक कुत्र्यास मोटारींत घालून गांवाबाहेर सोडून येतात व ‘त्याला मोकळें केलें’ असें म्हणतात. घरांत वाढलेल्या कुत्र्याला अन्न शोधतां येत नाहीं, रस्त्यावरच्या वाहनांचा अंदाज येत नाहीं, आणि तेथलीं कुत्रीं त्याला आपल्या हद्दींत उभें राहूं देत नाहींत. याला मोकळें करणें म्हणत नाहींत.

सारम्याला घेऊन आम्ही परत तिसऱ्या मजल्यावर आलों. पुतण्यानें दोन आठवड्यांची रजा काढली. वहिनी आपल्या खोलींतून फारशा बाहेर पडत ना. गळ्याची जखम भरूं लागल्यावर एके संध्याकाळीं मीं नातवास कागद-पेन घेऊन समोर बसविलें. मुलीला स्थळ पाहावयाचें झालें कीं आपण पत्रिका काढतों. सारम्याचीहि पत्रिका काढावयाची, परंतु तींत गुण एका बाजूस व दोष दुसऱ्या बाजूस लिहावयाचे, असें ठरविलें. गुणांच्या बाजूस आलें: लहान मुलांशीं मऊ वागतो, घरांत घाण करीत नाहीं, माणसावर कधीं दांत उगारलेला नाहीं, सर्व लसी वेळेवर. दोषांच्या बाजूस आलें: कोंबडी, मांजर, शेरडूं यांच्यामागें लागतो व मारतो; उघड्यावर सुटला तर हांकेला वळत नाहीं; दोरी ओढतो; एकटा ठेवल्यास भुंकतो; रोज जीभ बाहेर येईपर्यंत धांवला नाहीं तर घराची नासधूस करतो. मनगटाचें लिहावें कीं नाहीं, अशी नातवास शंका पडली. तेव्हां आंतून वहिनींचाच आवाज आला, ‘लिही, लिही. माझें नांव घालून लिही.’ दोषांची बाजू गुणांहून लांब झाली. त्या कागदास रेबीजच्या व इतर लसींचा दाखला जोडला. केवळ पिल्लें काढून विकण्यासाठीं त्याला कोणी नेऊं नये म्हणून डॉक्टरांकडून त्याचें खच्चीकरणहि करून घेतलें.

एकूण पांच स्थळें आलीं. पहिल्या दोघांनीं कागद वाचून नमस्कार केला. तिसरे गृहस्थ दोषांची बाजू वाचून उलट खूष झाले. त्यांना सशांमागें सोडण्यास असेंच कुत्रें हवें होतें. वन्य जीवांच्या संरक्षणाचा १९७२ सालचा कायदा सशालाहि लागू आहे, हें त्यांस सांगून या वेळीं मींच नमस्कार केला. चौथें स्थळ तासगांवकडील एका द्राक्षबागाइतदारांचें. विस्तीर्ण बाग, सज्जन माणसें, घरीं कोंबड्या नाहींत. माझें मन तेथें बसलें होतें. सहज म्हणून डॉक्टरांस विचारलें, तों ते म्हणाले, ‘गुरुजी, द्राक्षें आणि बेदाणे कुत्र्याला विषासारखे. मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात.’ बागेंत गळून पडलेलीं द्राक्षें खाण्यापासून सारम्यास कोण अडविणार? मीं त्या गृहस्थांस तसें कळविलें. त्यांना ही गोष्ट ठाऊक नव्हती. ऐकून तेच दचकले. हातचें स्थळ गेलें. मागच्या खेपेचा मी असतों तर गप्प राहिलों असतों, हें मला पुरतें ठाऊक आहे.

पांचवें स्थळ आटपाडीकडचें. डाळिंबाची बाग आणि तिच्याभोंवतीं सलग जाळीचें कुंपण. शेळ्या-कोंबड्या नाहींत. घरांत नवरा-बायको आणि एक मुलगा. मुलगा पोलीसभरतीची तयारी करीत होता. त्या भरतींत सोळाशें मीटर धांवावें लागतें. म्हणून तो रोज पहाटे कुंपणाच्या आंतून बागेला फेरे घाली. आमचा कागद बाईंनीं दोनदां वाचला आणि तीन प्रश्न विचारले. ‘गुरुजी, रात्रीं घरांत झोपतो कीं बाहेर? ढग गडगडले तर भितो का? आणि इतकें करून नाहींच जमलें, तर तुम्ही परत न्याल का?’ तिसरा प्रश्न ऐकून माझी खात्री पटली. परत करण्याची वाट जो आधींच विचारून ठेवतो, तो जनावराला झाडाशीं बांधून गप्प बसणार नाहीं. मीं त्याच कागदाखालीं लिहून दिलें कीं, ‘केव्हांहि, कारण न विचारतां, परत नेईन.’

देण्यापूर्वीं मी व नातू स्वतः जाऊन कुंपणाची उंची, पाण्याची सोय, सावली आणि मोठ्या रस्त्याचें अंतर पाहून आलों. पहिले पंधरा दिवस परीक्षेचे, असें उभयपक्षीं ठरलें. सारम्याची गोधडी न धुतां बरोबर दिली, कारण परक्या जागीं आपल्या घरचा वास हाच त्याचा आधार. खाण्याच्या वेळा व हांका मारण्याचे शब्द लिहून दिले. निराधार कुत्र्यांना घरें मिळवून देणारे लोक तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक अडाखा सांगतात: तीन दिवस भीतीचे, तीन आठवडे नव्या घराची रीत कळण्याचे, आणि तीन महिने तें घर आपलें वाटण्याचे. पहिल्या दोन दिवसांत सारम्यानें भाकरीस तोंड लावलें नाहीं. बाईंनीं तसें फोनवर स्पष्ट सांगितलें, आणि मी मनांत म्हणालों, या घरांत लपवालपवी नाहीं. तिसऱ्या दिवशीं तो जेवला.

त्यानंतर मी एकटाच मिरजेकडे गेलों आणि आपल्या विद्यार्थ्यास सांगितलें कीं, कोंबड्यांचें मला आधींच ठाऊक होतें. तो म्हणाला, ‘तें मला त्याच दिवशीं कळलें होतें, गुरुजी.’ मग त्यानें चहा मागविला. पुढें त्या विषयावर आमचें बोलणें झालें नाहीं.

२०२४ च्या संक्रांतीस तिळगूळ घेऊन आम्ही आटपाडीकडे गेलों. सकाळची वेळ. कुंपणाच्या कडेनें तो मुलगा धांवत होता आणि त्याच्या पुढें-मागें सारम्या. आम्हांस पाहतांच तो बाणासारखा आला, नातवाच्या खांद्यावर पाय टाकून त्यानें त्याचें तोंड चाटलें, माझा हात हुंगला आणि भोंवतीं दोन गिरक्या घेतल्या. इतक्यांत तिकडून शीळ आली. सारम्या जागच्या जागीं वळला आणि शिळेच्या दिशेनें धांवत गेला. खरें सांगावयाचें तर माझ्या मनाला किंचित् लागलें. नातवाकडे पाहण्याचा मला धीर होईना. तो मात्र थोड्या वेळानें बाईंना म्हणाला, ‘काकू, आमचा तो कागद कोठें आहे?’ त्यांनीं तो कॅलेंडरामागें जपून ठेवला होता. नातवानें पेन मागून घेतलें आणि दोषांच्या बाजूची ‘हांकेला वळत नाहीं’ ही ओळ खोडून टाकली.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींस माझें उत्तर हें असें आहे. देण्यांत पाप नाहीं. घाईनें, आणि घेणाऱ्यास अर्धें सांगून देण्यांत आहे. आपल्या घरच्या ज्या मुलांनीं जेवण सोडलें, त्यांनाच कागद-पेन देऊन जवळ बसवा. कुत्र्याचे सारे दोष मोठ्यांपेक्षां त्यांनाच अधिक ठाऊक असतात, आणि तीं एकहि लपविणार नाहींत. यादी पुरी झाल्यावर पान वाढावें. बहुधा तीं जेवतील.